बाभळीच्या काट्यावरचा टोळ : रानातील गूढ मृत्यू आणि चतुर शिकारी

दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात वऱ्हाडातील एखाद्या वावराच्या धुऱ्यावरून चालत जावे. पऱ्हाटीची बोंडे फुटलेली असतात, तूर फुलोऱ्यावर आलेली असते आणि अचानक धुऱ्यावरच्या बाभळीकडे नजर खिळते. काट्यावर एक टोळ टोचलेला असतो. काटा आरपार गेलेला, पाय लोंबकळत असलेले. त्याच्या शेजारच्या काट्यावर एक लहानसा सरडा, त्याला डोकेच नाही. गुराख्याच्या पोरांचा खोडसाळपणा म्हणावा, तर एवढ्या उंचीवर, एवढ्या काटेरी झुडपात हात घालणार कोण? मग कुजबुज सुरू होते. कोणी करणीचे नाव घेते, कोणी आणखी कशाचे.

या मृत्यूत गूढ असे काही नाही. काम एका पक्ष्याचे आहे आणि तो पक्षी बहुधा त्याच बाभळीच्या शेंड्यावर बसून आपल्याकडे पाहत असतो.

निसर्गात मृत्यू ही रोजची घटना आहे. मात्र प्रत्येक शिकाऱ्याची मारण्याची आणि खाण्याची रीत ठरलेली असते, आणि ती रीत मृतदेहावर सहीसारखी उमटते. ती सही वाचता आली की गूढ संपते. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत अशा सह्या जागोजागी सापडतात. उत्तरेस मेळघाटचे डोंगर आणि जंगल, खाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची जमीन. एकीकडे वाघ आणि रानकुत्रे, दुसरीकडे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कीटक. ही सही वाचता येणे हा केवळ हौशी निसर्गप्रेमींचा छंद नाही. गोठ्यातील गाय कोणी मारली, यावर पशुपालकाची भरपाई अवलंबून असते. अळी कशाने मेली, यावर शेतकऱ्याचा फवारणीचा खर्च ठरतो. आणि काही मृत्यू असे असतात की, त्यामागे शिकारी नसतोच. ते ओळखणे तर सर्वांत महत्त्वाचे.

खाटकाचे दुकान

काट्यावर भक्ष्य टोचणाऱ्या या पक्ष्याला मराठीत खाटीक म्हणतात. त्याच्या प्रजातीचे (जीनस) शास्त्रीय नाव लॅनियस, आणि लॅटिन भाषेत त्याचाही अर्थ खाटीक असाच होतो. दोन दूरच्या भाषांनी एकाच पक्ष्याला एकच नाव द्यावे, यावरूनच त्याची सवय किती ठळक आहे ते कळते. विदर्भाच्या माळरानावर आणि शिवारात तपकिरी पाठीचा छोटा खाटीक, लांब शेपटीचा खाटीक आणि राखी रंगाचा मोठा खाटीक आढळतात. आकाराने बुलबुलाएवढे किंवा थोडे मोठे. ओळखीची खूण म्हणजे डोळ्यांवरून गेलेला काळा पट्टा. दरोडेखोराने फडके बांधावे तसा!

खाटकाची अडचण अशी की, त्याची चोच ससाण्यासारखी बाकदार आहे, पण पाय मात्र चिमणीच्या जातकुळीचे आहेत. घार किंवा ससाणा पंजात भक्ष्य घट्ट धरून चोचीने लचके तोडतो. खाटकाच्या पायांत तेवढी ताकद नाही. म्हणून त्याने काट्याचा उपयोग शोधला. भक्ष्य काट्यात अडकवायचे आणि मग निवांत तोडून खायचे. बाभूळ, बोर, हिवर यांचे काटे हे त्याचे आकडे. अलीकडे शेताला तारेचे कुंपण आल्यापासून त्या तारेच्या काट्यांवरही टोळ टोचलेले दिसतात.

भक्ष्य मारण्याची त्याची रीतही विलक्षण आहे. वरच्या चोचीच्या टोकाजवळ दातासारखा कंगोरा असतो. तो मानेवर रोवून खाटीक मणका तोडतो. अमेरिकेतील खाटकांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, उंदरासारखे मोठे भक्ष्य मानेला धरून तो सेकंदाला सुमारे ११ वेळा हिसडतो. त्या हिसड्यांनी भक्ष्याच्या मानेला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सहापट झटके बसतात.

मग सगळे एकदम का खात नाही? कारण हे दुकानच नव्हे, कोठारही आहे. थंडीत आणि विणीच्या काळात साठवण उपयोगी पडते. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासात याहून गमतीदार गोष्ट उघड झाली. ज्या नराची साठवण मोठी, त्याला मादी लवकर मिळते. संशोधकांनी काही नरांची साठवण काढून घेतली, तेव्हा माद्या त्यांना सोडून गेल्या. अमेरिकेतील एका जातीचा टोळ विषारी असतो. तेथील खाटीक त्याला काट्यावर टोचून एक-दोन दिवस तसाच ठेवतात आणि विषाचा प्रभाव ओसरल्यावर खातात. काटा ही त्याच्या लेखी केवळ सुरी नाही, तर स्वयंपाकघरही आहे.

धुऱ्यावरच्या बाभळीवर टोळ, नाकतोडे, भुंगेरे टोचलेले दिसले, तर शेतकऱ्याने एवढेच समजावे की, त्याच्या वावरात एक बिनपगारी राखणदार राहतो. ती बाभूळ तोडली की राखणदारही जातो.

मातीच्या कोठडीतील जिवंत प्रेते

घराच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत किंवा जुन्या देव्हाऱ्यामागे मातीची लहानशी घरटी दिसतात. ती कुंभारीण माशीची. साफसफाई करताना एखादे घरटे फोडले, तर आतून दहा-बारा कोळी बाहेर पडतात. ते मेलेले वाटतात, पण कुजलेले नसतात. नीट पाहिले तर एखाद्याचा पाय हलल्याचा भास होतो. तो भास नव्हे. ते कोळी जिवंत असतात!

कुंभारीण माशी कोळ्याला नांगीने टोचते, पण मारत नाही. तिचे विष त्याला लुळे करते. असे लुळे कोळी ती कोठडीत भरते, त्यांवर एक अंडे घालते आणि मातीने दार लिंपून टाकते. अंड्यातून निघालेल्या अळीला शीतपेटीविना ताजे अन्न मिळते. याच कुळातील काही माश्या कोळ्यांऐवजी हिरव्या अळ्या भरतात.

आपल्या पूर्वजांनी हे दृश्य पाहिले होते. माशी अळीला कोठडीत कोंडते आणि काही दिवसांनी त्याच कोठडीतून अळीऐवजी माशी बाहेर पडते. भृंगीच्या ध्यासाने कीटक स्वतःच भृंगी होतो, असा अर्थ त्यातून निघाला आणि कीटक-भृंगी न्याय म्हणून तो तत्त्वज्ञानात आणि संतवाङ्मयात रूढ झाला. भक्ताने देवाच्या चिंतनाने देवरूप व्हावे, हे सांगण्यासाठी दृष्टांत सुंदर आहे. निरीक्षणही अचूक आहे. फक्त मधली पायरी अंधारात घडत असल्याने दिसली नव्हती. अळी माशी होत नाही. माशीचे पिल्लू अळीला खाऊन माशी होते.

यापेक्षाही चतुर शिकारी म्हणजे हिरव्या-निळ्या झळाळीची झुरळमाशी. ही माशी भारतातही आढळते. ती झुरळाला दोनदा टोचते. पहिला डंख छातीत, त्याने पुढचे पाय काही मिनिटे लुळे पडतात. दुसरा डंख थेट मेंदूत, नेमक्या जागी. त्यानंतर झुरळ चालू शकते, पण स्वतःहून चालण्याची इच्छाच त्याला उरत नाही. माशी त्याच्या मिशा अर्ध्यावर कापते, उरलेली मिशी धरते आणि दावे धरून गाय न्यावी तसे त्याला बिळात चालवत नेते. तिथे त्याच्या पायावर अंडे घालून ती बिळाचे तोंड खड्यांनी बुजवते. पुढे तिची अळी झुरळाला आतून खाते. महत्त्वाचे अवयव ती शेवटी खाते, म्हणजे अन्न अखेरपर्यंत ताजे राहते. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पोकळ झालेले झुरळ सापडले आणि आत रेशमी कोष असेल, तर मारेकरी ओळखायला वेळ लागत नाही.

शेंड्यावर उलटी लटकलेली अळी

आता वावरात उतरू. पूर्णेच्या खोऱ्यात आणि खारपाणपट्ट्यात रब्बीत हरभरा मोठ्या प्रमाणावर होतो. हरभऱ्याचा मुख्य शत्रू घाटेअळी. हीच अळी कपाशीवर हिरवी बोंडअळी म्हणून आणि तुरीवर शेंगा पोखरणारी अळी म्हणून ओळखली जाते. पिकाच्या अगदी शेंड्यावर, मागच्या पायांनी धरून, डोके खाली करून लटकलेली मेलेली अळी कधीकधी दिसते. हात लावताच कातडी फाटते आणि आतून पातळ द्रव गळतो.

हा मारेकरी एक विषाणू आहे. त्याला शेतीच्या भाषेत एचएएनपीव्ही म्हणतात. पानांबरोबर तो अळीच्या पोटात जातो आणि काही दिवसांत आतले सारे अवयव विरघळवून टाकतो. पण मरण्यापूर्वी अळी शेंड्यावर का चढते? एरवी निरोगी अळी लपून राहते. अमेरिकेतील वैज्ञानिकांनी २०११ मध्ये जिप्सी पतंगाच्या अळीवर प्रयोग करून दाखविले की, अशाच एका विषाणूतील एक जनुक अळीला वर चढवते. शेंड्यावरून गळणारा द्रव खालच्या पानांवर पडतो आणि इतर अळ्यांना लागण होते. डोळ्यांना न दिसणारा शिकारी आपल्या भक्ष्यालाच फवारणी यंत्र बनवतो!

या ज्ञानाचा शेतीला उपयोग झाला. अशा मेलेल्या अळ्यांपासून तयार केलेले विषाणूचे द्रावण हेक्टरी २५० अळी समतुल्य या प्रमाणात फवारण्याची शिफारस कृषी विद्यापीठे करीत आली आहेत. उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो, म्हणून फवारणी सायंकाळी करावी आणि द्रावणात थोडी नीळ मिसळावी, असेही सांगितले जाते.

सोयाबीनवर पावसाळ्यात दुसरा प्रकार दिसतो. पाने खाणारी अळी पानाला चिकटून ताठ मेलेली असते. आधी तिच्यावर पांढरी बुरशी येते आणि मग फिकट हिरवी भुकटी. ही अळ्यांना मारणारी बुरशी आहे. ढगाळ, दमट हवेत ती झपाट्याने पसरते आणि पिकाला अपाय करीत नाही.

हरभऱ्यावर आणखी एक खूण सापडते. अळीची वाळलेली कातडी आणि तिला चिकटलेला राखाडी-पांढरा लहान कोष. हे काम कॅम्पोलेटिस नावाच्या परजीवी माशीचे. ती लहान घाटेअळीच्या शरीरात अंडे घालते. अळी मोठी होऊन घाटे पोखरू लागण्याआधीच आतल्या पिल्लाने तिचा निकाल लावलेला असतो.

त्याहून लहान शिकारी ट्रायकोग्रामा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीची ही माशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते. अळी जन्मालाच येत नाही. बाधित अंडे काळे पडते, एवढीच काय ती खूण. धान्यातील एका पतंगाच्या सुमारे २० हजार बाधित अंड्यांचे कार्ड तयार करून ते कपाशीच्या पानाला टाचले जाते. त्याला ट्रायकोकार्ड म्हणतात. हरभऱ्यावर मात्र ही माशी फारशी चालत नाही, कारण त्याच्या पानांवरची आंबट आंब तिला सोसत नाही. कोणत्या पिकात कोणता शिकारी कामाचा, हेही निसर्गाने ठरवून ठेवले आहे.

पिठ्या ढेकणाच्या भुऱ्या ममी

२००६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत भारतातील कपाशीवर पिठ्या ढेकणाचे मोठे संकट आले. परदेशातून आलेली ही कीड मेणासारख्या पांढऱ्या आवरणामुळे कीटकनाशकांना दाद देत नव्हती. झाडे पांढऱ्या पिठाने माखल्यासारखी दिसत. आणि मग काही शेतांतून विचित्र दृश्य दिसू लागले. पांढरे ढेकूण भुरे, कडक, फुगीर होऊन जागच्या जागी मरू लागले. प्रत्येकाच्या पाठीवर एक गोल छिद्र.

हे ढेकूण म्हणजे ममी होत्या. एका चिमुकल्या परजीवी माशीने त्यांच्या पोटात अंडी घातली होती आणि नवी माशी छिद्र पाडून बाहेर पडली होती. एनॅसियस नावाच्या या माशीचे २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झाले. कोणी सोडलेली नसताना ती आपणहून पसरली आणि पिठ्या ढेकणाचा जोर ओसरण्यात तिचा वाटा मोठा ठरला. ज्या शेतात भुऱ्या ममी दिसत होत्या, तिथे घाईने फवारणी करणे म्हणजे ढेकणाबरोबर त्याच्या मारेकऱ्यालाही मारणे होते. भुरा ढेकूण ओळखणाऱ्या शेतकऱ्याचा पैसा वाचला. पांढऱ्या आणि भुऱ्यात फरक न करणाऱ्याचा गेला.

मेळघाटातील तीन सह्या

आता धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात जाऊ. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ मध्ये स्थापन झालेल्या या प्रकल्पाचे क्षेत्र आता सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. अकोला जिल्ह्यातील नरनाळा अभयारण्य याच प्रकल्पाचा भाग आहे. जंगलालगतच्या गावांत गुरे मरतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, कोणी मारले?

वाघ मोठे जनावर मारताना बहुधा गळा धरून श्वास कोंडतो. लहान जनावराची मान मागून तोडतो. मारल्यावर तो भक्ष्य दाट झुडपात ओढत नेतो, बऱ्याचदा मागच्या फऱ्यापासून खायला सुरुवात करतो आणि पोटातील आतडी, कोठा बाजूला काढून ठेवतो. बिबट्याही गळाच धरतो, पण त्याच्या सुळ्यांतील अंतर वाघापेक्षा कमी असते. तो बहुधा पोट किंवा छातीकडून खातो आणि सोयीचे झाड असेल तर भक्ष्य फांदीवर नेऊन ठेवतो. जमिनीपासून उंच फांदीवर अडकलेले वासरू पाहून हबकलेल्या माणसाला ही एक गोष्ट माहीत असली, तर भूताखेताची गरज उरत नाही.

तिसरी सही रानकुत्र्याची. त्याला कोळसून किंवा कोळसुंदा असेही म्हणतात. याचे गळा धरण्याचे बळ नाही. त्याचे बळ कळपात आहे. शिळेसारख्या आवाजाने एकमेकांना साद घालत कळप सांबराला पळवून दमवतो, मागून आणि बाजूंनी चावे घेतो, पोट फाडतो आणि भक्ष्य पुरते मरण्याआधीच खाऊ लागतो. गळ्यावर सुळ्यांच्या खुणा नाहीत, मागचा भाग आणि कुशी फाटलेली, तासाभरात हाडे उरलेली, भोवती अनेक लहान पंजांचे ठसे. असे दिसले की कळपाचे काम समजावे. हे दृश्य क्रूर वाटते. त्यामुळेच ब्रिटिश काळात रानकुत्र्याला मारणाऱ्यास बक्षीस दिले जाई. पण रक्तस्राव आणि धक्का यांनी येणारा मृत्यू बहुधा लवकर येतो. आज जगभर ही जात धोक्यात आहे.

या तिन्ही सह्या वाचताना एक मूळ कसोटी लक्षात ठेवावी. जिवंत जनावराला चावले, तर चाव्याखालच्या कातडीत रक्त साकळते. मेलेल्या जनावराला चावले, तर साकळत नाही. आजाराने मेलेल्या गाईला रात्री तरसाने किंवा कोल्ह्याने कुरतडले, तर तो शिकारी नव्हे, उष्टे खाणारा. पशुवैद्यक कातडी सोडवून हेच पाहतात.

डोळे नाहीत, जीभ नाही

कधीकधी गावाबाहेर एखादे जनावर मरून पडते. सकाळी लोक पाहतात, तर डोळे नाहीत, जीभ नाही, कास आणि मागचा भाग जणू धारदार पात्याने कापलेला, आणि रक्ताचा थेंब नाही. अफवा वाऱ्यासारखी पसरते.

अमेरिकेत १९७० च्या दशकात अशा हजारो घटनांनी खळबळ उडाली होती. परग्रहावरील यान, गुप्त पंथ, काय काय बोलले गेले. शेवटी न्यू मेक्सिको राज्यात केनेथ रोमेल या निवृत्त एफबीआय अधिकाऱ्याने सरकारी चौकशी केली आणि १९८० मध्ये अहवाल दिला. बहुतेक जनावरे नैसर्गिक कारणांनी मेली होती आणि उरलेले काम मृतभक्षक पशुपक्ष्यांचे आणि कीटकांचे होते. आर्कान्सा राज्यात तर पोलिसांनी एक मेलेली गाय मुद्दाम शेतात ठेवून पहारा केला. माश्या, अळ्या आणि फुगलेल्या पोटाने दोन दिवसांत तेच ‘गूढ’ चित्र तयार केले.

कारण सोपे आहे. जाड कातडी फोडणे कावळ्याला किंवा भटक्या कुत्र्याला अवघड जाते. म्हणून ते मऊ जागांपासून सुरुवात करतात. डोळे, जीभ, कास. मेल्यावर हृदय थांबते, रक्त खालच्या बाजूला साचून गोठते, म्हणून वरची जखम कोरडी दिसते. शव फुगले की ताणलेली कातडी सरळ रेषेत फाटते आणि सुरीने कापल्यासारखी भासते.

कोंबड्यांच्या खुराड्यातील कत्तलीचेही तसेच. एका रात्रीत सगळ्या कोंबड्या मारलेल्या, पण खाल्लेली एखादीच. ‘रक्त पिणारे जनावर’ आले, असे म्हटले जाते. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये या वागण्याचा सविस्तर अभ्यास मांडला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळोख्या, वादळी रात्री कोल्ह्यांनी उडू न शकलेले कितीतरी कुरव पक्षी मारून तसेच टाकले होते. भक्ष्य पळू शकत नसेल, तर शिकाऱ्याची मारण्याची ऊर्मी पोट भरले तरी थांबत नाही. दोष खुराड्याच्या ढिल्या दाराचा असतो.

शिकारी नसलेला मृत्यू

आतापर्यंत सांगितलेल्या प्रत्येक मृत्यूमागे कोणाचे तरी जगणे आहे. पण काही मृत्यूंवर सहीच नसते.

१९९० च्या दशकात गिधाडे नाहीशी होऊ लागली. माना खाली घालून ती झाडांवर बसत आणि गळून पडत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. अंगावर जखम नाही, शिकारी नाही. शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसे. मूत्रपिंडे निकामी होऊन साचलेले ते युरिक आम्ल होते. २००४ मध्ये कारण सिद्ध झाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही ती आली. गावाबाहेर टाकलेले ढोर तासाभरात साफ करणारा कामगार आपण नकळत गमावला.

दुसरा मृत्यू जाणूनबुजून घडवलेला असतो. वाघाने किंवा बिबट्याने मारलेल्या गाईवर संतापून कोणी कीटकनाशक टाकते. मग एकाच ठिकाणी कोल्हा, कावळे, कुत्री, मुंगूस अशी वेगवेगळ्या जातींची प्रेते पडतात. सर्वांत बोलकी खूण म्हणजे शवावर बसलेल्या माश्याही मेलेल्या असतात. निसर्गातील कोणताही शिकारी असे मारत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गुन्हा आहे.

आणि तिसरा मृत्यू माणसाचा. २००२ मध्ये बीटी कपाशी आली तेव्हा फवारण्या कमी होतील, असे वाटले होते. पुढे गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळविली. ही अळी बोंडाच्या आत राहते. तिथे ना फवारा पोचतो, ना बहुतेक शिकारी. २०१७ च्या हंगामात अमरावती विभागातील यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा बळी गेला, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. जे विष माणसाला मारू शकते, ते अर्ध्या मिलिमीटरच्या ट्रायकोग्रामाचे काय करीत असेल? आणि ट्रायकोग्रामा मेली की पुढच्या हंगामात आणखी अळ्या, आणखी फवारणी. या चक्राची पहिली कडी आपण हातात पंप घेतो त्या क्षणी असते.

खुणा पाहताना

मृत प्राणी दिसला, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

गाय, बैल, शेळी वन्यप्राण्याने मारल्याचा संशय असेल, तर शव जागचे हलवू नये. ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्यास कळवावे. पंचनाम्यानंतरच शासनाची नुकसानभरपाई मिळते. ठसे पायदळी जाऊ नयेत म्हणून गर्दी रोखावी.

गळ्यावर खुणा आहेत का, कोठून खाल्ले आहे, ओढत नेल्याची खूण आहे का, कातडीखाली रक्त साकळले आहे का, हे पाहावे. हे काम पशुवैद्यकाला करू द्यावे.

निरनिराळ्या जातींचे प्राणी एकत्र मेलेले दिसले, तर कशालाही हात लावू नये. मुले आणि गुरे दूर ठेवून वन विभागास कळवावे.

पिकात अळ्या मेलेल्या दिसल्या, तर फवारणीपूर्वी त्या कशाने मेल्या ते पाहावे. उलट्या लटकलेल्या, बुरशीने माखलेल्या किंवा कोष चिकटलेल्या अळ्या आणि भुऱ्या पडलेल्या ढेकणांच्या ममी पुष्कळ असतील, तर शिकारी कामाला लागले आहेत. शंका असल्यास नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांचा सल्ला घ्यावा.

धुऱ्यावरची बाभूळ, बोर शक्य तोवर ठेवावी. खाटकाला काटा हवा, कोतवालाला टेहळणीची फांदी हवी.

बाभळीवरचा तो टोळ पुन्हा आठवावा. पहिल्या नजरेत तो अशुभ वाटला होता. आता तो काय सांगतो? या वावरात टोळ आहेत, टोळ खाणारा पक्षी आहे, त्या पक्ष्याला बसायला झाड आहे. शिवार जिवंत असल्याची ती खूण आहे. काळजी करायची ती ज्या बाभळीवर एकही टोळ टोचलेला नाही, तिची.